मीटर खोटा बोलतो

आमच्या घरगाडीचा मीटर खोटा बोलतो, असं मी मुलाला सांगितलं तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. त्याने हातातला घास ताटात ठेवला, डाव्या हाताने फोन काढला आणि माझ्या तोंडासमोर धरला. फोनमध्ये माझ्या गाडीचा फोटो होता, मागच्या जत्रेच्या वाटेवर पाठीमागून काढलेला. नंबर स्वच्छ, मागच्या काचेचा पडदा स्वच्छ, त्या पडद्याला हिने लावलेली सेफ्टी पिनसुद्धा ओळखू यावी इतका स्वच्छ. खाली आकडे होते. त्या रस्त्याला ऐंशीची मर्यादा आणि मी म्हणे चौऱ्याण्णवने चाललो होतो.

"हे दुसरं चलान आहे, बाबा. पहिलं आलं तेव्हा मी काय बोललो नाही."

"मी सत्तरच्या वर गाडी नेत नाही. उभ्या जन्मात नेली नाही."

"मग कॅमेऱ्याला काय तुमच्याशी दुश्मनी आहे?"

"कॅमेऱ्याचं मला माहीत नाही. मीटर सत्तर दाखवत होता."

"बाबा, चौऱ्याण्णव."

"मग मीटर खोटा बोलतो."

मुलगा आवाज चढवत नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने फोन उलटा ठेवला आणि म्हणाला, "जत्रेला या वर्षी भाड्याचा ड्रायवर घेऊ. तुम्ही आरामात मागे बसा." हिने माझ्याकडे बघितलं नाही, कुणी मागितलेला नसताना भात वाढायला लागली. म्हणजे दोघांचं आधीच बोलणं झालेलं होतं.

"मीटर तपासून दाखवतो," मी म्हणालो. "खोटा निघाला तर गाडी मीच नेणार. पुन्हा हा विषय या घरात काढायचा नाही."

"आणि खरा निघाला तर?"

"निघणार नाही."

"निघाला तर, बाबा?"

"तर चावी तुझी."

बोलून गेलो. बोललो की मी मागे घेत नाही, हे त्या दोघांनाही माहीत आहे.

घरगाडी म्हणजे काय ते सांगतो. मिल बंद झाल्यावर मी एका टूरवाल्याकडे बरीच वर्षं गाडी चालवली. त्याची एक जुनी मिनीबस होती. ती भंगारात निघाली तेव्हा मी मागून घेतली, कारण तिला माझ्याइतकं कुणी चालवलेलं नव्हतं. आतल्या सीटी काढल्या. दोन्ही बाजूंना फळ्यांचे पलंग ठोकले, ओट्याएवढी एक फळी, तिच्यावर गॅस, टपावर पाण्याची टाकी, आणि मागच्या कोपऱ्यात पडदा लावून संडासाची सोय. आता लोक असल्या गाडीला कॅरव्हॅन म्हणतात आणि बुकिंग करून फिरायला जातात. आम्ही घरगाडी म्हणतो. टॉवरच्या पार्किंगमध्ये ती मावत नाही, म्हणून रे रोडला एका लाकडाच्या वखारीत उभी असते.

दरवर्षी थंडीत गावच्या देवीची जत्रा असते. आमच्या जुन्या चाळीतल्या, आमच्याच गावच्या चार-पाच म्हाताऱ्या आहेत. कुणाचे गुडघे गेले, कुणाला साखर आहे, दर तासाला उठावं लागतं. बसमध्ये त्या बसू शकत नाहीत आणि बस थांबवा म्हणायची त्यांना लाज वाटते. माझ्या गाडीत त्या आडव्या होतात, हवं तेव्हा पडद्यामागे जातात, उजेडात निघून उजेडात पोचतात. त्यांच्यातली एक मला दरवेळी म्हणते, "तुझ्यामुळे देवीचा तोंड दिसता रे, पुता." माझ्यापेक्षा ती फार मोठी नाही, पण मला पुता म्हणते आणि मी ऐकून घेतो.

चाळीच्या जागी टॉवर आला. आम्हाला त्यात वरच्या मजल्यावर घर मिळालं. घर चांगलं आहे. लिफ्टचं बटण कुठलं, गॅस कुठून बंद करायचा, पाहुणा आला तर खाली फोन कुणाला करायचा, हे सगळं मुलगा आणि सून बघतात. मला विचारल्याशिवाय होत नाही असं वर्षातलं एकच काम उरलं होतं. ते म्हणजे ही जत्रा.

आता मीटरचं. खरं सांगायचं तर मी मीटर बघून गाडी चालवणारा माणूस नाही. सोळाव्या वर्षी मी मिलमध्ये बदली कामगार म्हणून लूमखात्यात लागलो. तिथे तीनशे माग एका वेळी धडधडत असायचे आणि त्यातला आपला कुठला अडखळला हे कानाला कळायचं. पुढे मिलच्या लॉरीवर गेलो, तेव्हाही तेच. इंजिन चाळीसला कसं बोलतं, साठला कसं, सत्तरच्या पुढे खालचा पत्रा कसा कुरकुरायला लागतो, हे मला माहीत. कुरकुर सुरू झाली की पाय आपोआप वर येतो. इतक्या वर्षांत माझ्या कानाचं आणि मीटरचं कधी भांडण झालेलं नव्हतं. म्हणून मुलाला मी सांगितलं की मीटर सत्तर दाखवत होता. त्या दिवशी मीटर मी बघितला नव्हता. पण मनात काटा सत्तरवर होता, आणि मुलाशी बोलता बोलता तो मला पिवळट काचेमागे दिसायलाही लागला.

माझा एक दोस्त आहे माझगावचा. गोदीत फिटर होता. बायको गेली, मुलगी परदेशात, आता चर्चच्या गल्लीत एकटा राहतो. घरगाडीतली सगळी फिटिंग त्याने आणि मी मिळून केली. मी त्याला फिटर म्हणतो, तो मला ड्रायवर म्हणतो, नाहीतर तिथल्या ख्रिस्ती लोकांसारखं नुसतं मेन. दुसऱ्या दिवशी त्याला वखारीत बोलावलं आणि सगळी हकिगत सांगितली.

"टायर बदललेस काय?" त्याने विचारलं.

"बदलले. त्याच मापाचे."

"मग मीटर चुकेल कशाला, मेन?"

"जुना झाला."

"जुना तू पण झालास." त्याने खिशातून फोन काढला. "हे बघ. यात येतो स्पीड. आकाशातून बघतो आणि सांगतो. पाच मिनिटांचं काम हाय. चल, बस."

"आकाशातून बघणाऱ्याने आपला रस्ता बघितलाय कधी?"

"तुझ्या मुलाच्या कॅमेऱ्याला पण तू हेच सांग."

"फिटर, फोन आत ठेव. फोननेच माझी अब्रू काढलीय. मी फोनला विचारायला जाणार नाही. मी मोजून बघणार."

"कशाने?"

"मैलाने."

जुन्या मुंबईत गोऱ्यांनी मैलाचे दगड लावले होते. कोटातल्या मोठ्या चर्चपासून मोजत मोजत, दर मैलाला एक. वर इंग्रजी खुणा कोरलेल्या. बरेचसे फुटपाथाखाली गेले, पण परळला एक आहे, अर्धा जमिनीत, चहाच्या टपरीच्या मागे. त्याच्या पुढचा दादरच्या बाजूला आहे. त्याला कुणीतरी कधीतरी शेंदूर लावला आणि तो देव झाला. वाटेचा देव म्हणतात त्याला. नवीन गाडी घेतली की माणसं तिथे नारळ फोडतात. मी लहान असताना मिलच्या एका जुन्या लॉरीड्रायवरने मला बोट फिरवून दाखवलं होतं, शेंदराखाली खुणा हाताला लागतात. जत्रेला निघताना मी दरवर्षी तिथे नारळ फोडतो.

फिटरने डोकं खाजवलं. "तू मला देवावरून मीटर लावायला सांगतोस?"

"आधी तो मैलाचा दगड होता. देव नंतर झाला. दोन्हीपैकी कुणीच खोटं बोलत नाही."

"माझं काय जातं? तुझी गाडी, तुझा देव."

मला त्या दगडांचा एवढा भरवसा का होता, ते सांगतो. परळपासून दादरपर्यंत मी डोळे मिटून जाईन असं पूर्वी म्हणायचो. आता डोळे उघडे ठेवून मला कळत नाही मी कुठे आहे. मिलची भिंत होती, ती कुठून सुरू व्हायची आणि कुठे संपायची हे सांगणारं काही राहिलं नाही. तिच्या जागी काचेच्या इमारती आहेत आणि त्यांच्या दारात माझ्यासारख्याने उभं राहिलं तर वॉचमन विचारतो, "किधर जाना है, चाचा?" डोक्यावर पूल आला. इराण्याचं हॉटेल गेलं, व्यायामशाळा गेली, तिठ्यावरचं पिंपळाचं झाड गेलं. सगळं हललं. तो शेंदराचा दगड तेवढा बसून आहे, असं मला वाटायचं. वाट चुकल्यासारखं झालं की मी त्याच्यावरून ओळखायचो, इथे हे होतं, तिथे ते होतं.

रविवारी पहाटे, रस्ता मोकळा असताना, आम्ही गाडी काढली. मीटरमध्ये काट्याच्या खाली किलोमीटरचे आकडे असतात आणि शेवटचा लाल आकडा किलोमीटरचा दहावा भाग दाखवतो. मैलाला तो लाल आकडा सोळा वेळा फिरायला हवा. परळच्या दगडापाशी पुढचं चाक आणून उभं केलं. फिटर गुडघ्यावर फडकं टाकून मीटरसमोर वाकून बसला. मी सावकाश निघालो. वाटेच्या देवासमोर चाक थांबलं तेव्हा त्याने मान वर केली.

"चौदा."

"नीट मोज."

"चौदा, मेन. मला चौदापर्यंत येतं मोजायला."

मागे जाऊन पुन्हा केलं. पुन्हा चौदा. तिसऱ्यांदाही चौदा. मी स्टिअरिंगवर थाप मारली. मैलभर रस्ता जाऊन मीटर दोन घरं खात होता. तोच मीटर सत्तर दाखवतो तेव्हा गाडी खरंच ऐंशीला असणार. चौऱ्याण्णव नाही, पण कॅमेराही काही देव नव्हे. मी खोटं बोललो नव्हतो. मी देवासमोर उतरून हात जोडले. फिटरनेही टोपी काढली, मग आठवण झाल्यासारखी परत घातली.

दुरुस्ती सोपी होती. गिअरबॉक्समधून एक केबल मीटरपर्यंत येते आणि केबलच्या टोकाला एक छोटं दातेरी चाक असतं, पिनियन म्हणतात. ते जितक्या वेगाने फिरेल तितका मीटर पुढे पळतो. आमच्या पिनियनला सोळा दात होते. दात कमी केले की ते जोरात फिरतं. फिटरने दोन दिवस भंगारवाल्यांकडे घालवले आणि चौदा दातांचं एक पितळी पिनियन शोधून आणलं. गाडीखाली मी स्वतः शिरलो. तो म्हणत होता, "तू राहू दे, कंबर जाईल." मी शिरलो. हात काळे करून बाहेर आलो तेव्हा फार दिवसांनी मला माझे हात ओळखीचे वाटले.

पुढच्या रविवारी मुलाला शेजारी बसवलं. परळच्या दगडापासून वाटेच्या देवापर्यंत लाल आकडा बरोबर सोळा वेळा फिरला. त्याने स्वतः मोजला. थोडा वेळ तो दगडाकडे बघत राहिला, मग हसला.

"ठीक आहे, बाबा. मानलं. गाडी तुम्हीच न्या."

"विषय संपला?"

"संपला म्हटलं ना."

घरी आल्यावर मी हिला सगळं सांगितलं. दगड कसा आठवला, फिटर कसा चौदा म्हणाला, मुलाने कसं मानलं. बहुतेक मी जरा जास्तच सांगितलं. ही कोथिंबीर निवडत होती. मुलगा समोर होता तोपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. तो खाली गेला, लिफ्टचं दार लागलं, तेव्हा तिने कोथिंबिरीची जुडी बाजूला ठेवली आणि माझ्या अगदी जवळ येऊन बसली.

"अवो, तो वाटेचो देव म्हणजे शेंदराचो? दादराकडचो?"

"दुसरा कुठला आहे?"

"तो थयसर नाय होतो."

"काय बोलतेस?"

"रस्तो खणलो तेव्हा मंडळाच्या पोरांनी काढून अलीकडे आणून बसवल्यानी. आधी तो पुढे होतो, पिंपळाखाली. पिंपळ तोडलो ना, तेव्हा. भटजी बोलावलेलो, पूजा झाली. आमी बायकांनी परसाद केलेलो." तिने बोटांना चिकटलेली कोथिंबीर झटकली. "तुमी तेव्हा टूर घेवन भायर गेलेलात. दोन महिने."

मी आठवून बघितलं. टूरवरून आलो तेव्हा देवाला नवीन चौथरा बांधलेला मी पाहिला होता. फरशी लावलेली, वर पत्रा. छान केलं असं मी कुणाला तरी म्हणालोही होतो. चौथरा नवीन आहे एवढंच मला दिसलं. देव उठून अलीकडे येऊन बसेल, हे माझ्या मनात यायचं काही कारणच नव्हतं. आणि पिंपळही तोवर गेला होता. कशावरून ओळखणार होतो?

"किती पुढे होता?"

"ता माका काय म्हायती. पण बऱ्यापैकी. मधे एक गल्ली होती."

म्हणजे तो मैल नव्हताच. चौदा घरांचाच रस्ता होता आणि मीटर चौदाच म्हणत होता. बिचारा खरं बोलत होता. मी त्याचे दोन दात काढले आणि त्याला खोटं बोलायला लावलं.

ही माझ्या तोंडाकडे बघत होती. मग म्हणाली, "असूंदे हो. कोणाक सांगू नका. आता मीटर जास्ती दाखवता ना? मग तुमी आपसूक हळू चालवशात. काय बिघाडला?"

बाईमाणसाने किती सरळ हिशेब केला होता. दुसऱ्या कुणासाठी तो बरोबरही होता. मी म्हणालो, "मी मीटर बघत नाही."

हे मी हिला सांगितलं खरं, पण माझ्या तोंडून बाहेर आलेलं मीच पहिल्यांदा ऐकलं. मीटर खरा होता. मी तो बघत नव्हतो. कॅमेऱ्याने मला दोनदा पकडलं होतं. मग त्या रस्त्यावर चौऱ्याण्णवने गाडी कोण चालवत होतं? मागे पलंगावर त्या म्हाताऱ्या झोपल्या होत्या.

ही आणखी काहीतरी म्हणाली. मी उठून खिडकीपाशी गेलो. वरून वाहनं मुंगीसारखी दिसतात आणि सगळी सारख्याच वेगाने जातात असं वाटतं.

फिटरकडे गेलो तेव्हा त्याने दार उघडलं आणि माझं तोंड बघून म्हणाला, "कोण गेलं?"

"कुणी नाही. फोन आहे का चार्ज केलेला?"

त्याने फोन खिशात टाकला आणि चपला घातल्या. उगाच विचारत बसत नाही, हे त्याचं चांगलं आहे. वखारीत जाऊन आम्ही आधी सोळा दातांचं जुनं पिनियन परत बसवलं. मग गाडी फ्रीवेवर घेतली. फिटरने आपला रुमाल मीटरवर चिकटपट्टीने लावला.

"तू तुझ्या कानाने चालव," तो म्हणाला. "साठ झाले की सांग."

मी चालवली. इंजिनाकडे कान दिला. इंजिन बोलत होतं तसंच, नेहमीसारखं, जरा लांबून बोलल्यासारखं. नवीन साईड काचा बसवल्यापासून गाडी आतून शांत झाली असं मला वाटत होतं. ओळखीचा आवाज आला तसा मी म्हणालो, "साठ."

फिटर फोनकडे बघत राहिला.

"किती?"

"पुन्हा कर."

पुन्हा केलं. "साठ," मी म्हणालो.

"ड्रायवर, गाडी बाजूला घे."

बाजूला घेऊन उभी केली. त्याने फोन दाखवला. पहिल्या वेळी शहात्तर होते, दुसऱ्या वेळी अठ्ठ्याहत्तर. मग त्याने मीटरवरचा रुमाल काढला. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मी कानाला विचारलं नाही, काट्याकडे बघितलं. काटा साठवर, फोन साठवर. आणि माझ्या कानाला ती गाडी रांगत होती. मग काटा सत्तरच्या पुढे नेला, तरी खालचा पत्रा कुरकुरत नव्हता. फिटरने वाकून पत्र्याला हात लावला आणि माझ्याकडे बघितलं. पत्रा थरथरत होता. मीही एक हात खाली नेऊन लावला, आणि गाडी पुन्हा बाजूला घेतली.

"मीटर सज्जन हाय," तो म्हणाला. "साला, मला तर कॅथलिक वाटतो." मी हसलो नाही. मग त्याने विचारलं, "मघापासून मी काय बोललो तुला?"

"कधी?"

"आपण फ्रीवेवर चढलो तेव्हापासून. तीनदा, न ओरडता. चहाचं विचारलं, तुझ्या बीपीच्या गोळीचं विचारलं, शेवटी एक घाण शिवी घातली. तू पुढे बघत बसलास."

तो माझ्या डाव्या बाजूला बसला होता. मी म्हणालो, "इंजिनचा आवाज होता."

"आता इंजिन बंद हाय, मेन."

बंद होतं. मी कधी बंद केलं ते मला आठवत नाही.

लूमखात्यातले सगळेच बहिरे होतात, हे मला काय नवीन नव्हतं. माझे वडील, काका, शेजारचे, सगळ्यांचं तेच झालं. पण ती मिलमध्येच म्हातारी झालेली माणसं. मी चार वर्षांत बाहेर पडलो, लॉरीवर गेलो, म्हणून मी सुटलो असं धरून चाललो होतो. आणि आमच्याकडे कळणार तरी कसं? गिरणगावात हळू कुणी बोलतच नाही. बाप बहिरा म्हणून आई ओरडून बोलायची, आई ओरडते म्हणून पोरं ओरडून बोलायची. माझी बायको अशाच घरातून आली. तिचं बोलणं मला शेवटपर्यंत ऐकू जाणार. बहुतेक म्हणूनच ती त्या दिवशी माझ्या जवळ सरकून बसली होती. तिला किती दिवसांपासून माहीत होतं ते मी विचारलेलं नाही.

त्या संध्याकाळी मुलगा कामावरून आला. मी चावी टेबलावर ठेवली.

"मीटर आधी बरोबर होता," मी म्हणालो. "दगड हललेला होता. पिनियन परत बसवलंय."

त्याने चावीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याला काहीतरी बोलायचं होतं. मी म्हणालो, "ड्रायवर बघून ठेव. दारू पिणारा नको." आणि आंघोळीला गेलो. तो बाहेर हिच्याशी बोलत होता. काय बोलत होता ते मला ऐकू आलं नाही, आणि त्या दिवसापासून ऐकू न येणं ही माझ्यासाठी वेगळी गोष्ट झाली. पूर्वी लोक हळू बोलत होते.

जत्रेला भाड्याचा ड्रायवर आला. तिशीचा असेल, कानात पांढऱ्या गोळ्या घातलेल्या, तो गाणी ऐकत चालवतो. गाडी त्याला आवडली नाही. गिअर कसा घट्ट आहे, ब्रेक कसा उशिरा लागतो, हे त्याने मला सांगितलं, जसं काही मला माहीतच नव्हतं. म्हाताऱ्या चढल्या. मला पुता म्हणणारी पुढच्या सीटवर मला डाव्या बाजूला बसलेला बघून थबकली.

"रे, तू हय कित्याक?"

"कंटाळा आला चालवायचा."

"आसा होय," ती म्हणाली आणि पुढे काही विचारलं नाही. तिच्या नवऱ्यालाही ऐकू येत नव्हतं. तोही लूमखात्यातलाच.

वाटेच्या देवापाशी ड्रायवरने गाडी थांबवली नाही. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. नारळ हिच्या पिशवीत होता. मी मागे वळलो, हिने हाताने खूण केली, राहू दे.

पनवेल मागे पडल्यावर मी पुन्हा मागे वळून बघितलं. म्हाताऱ्या बोलत होत्या. पलंगावर मांड्या घालून, हातवारे करत, एकमेकींच्या मांडीवर थापा मारत. एक तर डोळे पुसत हसत होती. गेल्या दोन-तीन जत्रांना मी घरी येऊन हिला म्हणालो होतो, म्हाताऱ्या आता थकल्या गं, सगळी वाट गप्प बसतात. ही काही बोलली नव्हती.

"काय म्हणतायत?" मी आता विचारलं.

हिने पुढे वाकून माझ्या उजव्या कानाशी तोंड आणलं. "तुझा घो आज सीटीवर सासऱ्यासारखो बसलो म्हणतत."

"म्हणू दे."

ड्रायवरने एक गोळी कानातून काढली. "काका, ह्या गाडीचा मीटर बरोबर आहे ना? जुन्या गाड्यांचा कधी कधी खोटा असतो. पुढे कॅमेरे आहेत."

"बरोबर आहे."

"नक्की?"

"सांगितलं ना. त्याच्यावर विसंबून चालव."

त्याने मान हलवली आणि गोळी परत घातली. गाडी मला बैलगाडीसारखी वाटत होती. पाय अवघडले होते, उजवा पाय मधूनमधून खाली दाबला जायचा आणि तिथे नुसता पत्रा होता. मी काट्याकडे बघितलं. बहात्तर, चौऱ्याहत्तर, पुन्हा बहात्तर. बाहेर झाडं मागे जात होती आणि कानाला काही पोचत नव्हतं. गाव येईपर्यंत मी काट्यावरून नजर काढली नाही.